साठ आणि सव्वाशे

"उजेड फेकायचा नसतो, वाढायचा असतो," असं काका म्हणायचे आणि म्हणताना पंगतीत भात वाढावा तसा उजवा हात पुढं करायचे. औरंगपुऱ्यात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मी तिथं सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. पोऱ्या म्हणून नव्हे. चांगला तिशीतला, दोन लेकरांचा बाप होतो. त्या सहा वर्षांच्या गमतीजमती मी कुणालाही फुशारकीनं सांगतो. आज जे सांगणार आहे ते मात्र आजवर टाळलं.

त्या काळातले लग्नाचे अल्बम तुम्हीही पाहिले असतील. चुना फासल्यासारखी तोंडं, वटारलेले डोळे, मागं भिंतीवर काळ्याकुट्ट सावल्या. गावातले सगळे फोटोग्राफर फ्लॅश असाच तोंडावर मारायचे. लोकही खूश असायचे, कारण मुलगी गोरी दिसायची. काकांना ते बघवत नसे. "अरे, ही नवरी हाय का पिठाच्या गिरणीतनं आलीय?" म्हणायचे.

एकदा एक बाई स्थळांना दाखवायचा फोटो काढायला मुलीला घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "जरा गोरी करा हं."

"गोरी करायला मी काय साबण हाय व्हय, ताई?"

मुलगी फसकन हसली. तेवढ्यात काकांनी फ्लॅशचं डोकं बाजूच्या भिंतीकडं वळवून बटण दाबलं. तो फोटो आम्ही कितीतरी दिवस काचेच्या कपाटात लावला होता. मुलगी सावळीच दिसत होती आणि इतकी छान दिसत होती की आईनं पुन्हा गोरेपणाचं नाव काढलं नाही.

घरात लग्न असलं की काका फ्लॅश छताकडं वळवायचे. मांडवात पंचाईत व्हायची, कारण लाल-निळी कनात सगळा उजेड पिऊन टाकायची. मग खिशातला धुतलेला रुमाल फ्लॅशवर बांधायचे. पण त्यांची खरी करामत आंतरपाटाची. मंगलाष्टकं चालू असताना ते नवरीच्या बाजूनं आंतरपाटाला खेटून उभे राहायचे, फ्लॅश त्या पांढऱ्या कापडावर उडवायचे आणि तिथून परतलेला मऊ उजेड नवरीच्या चेहऱ्यावर यायचा. भटजी वैतागायचे. "सरका की जरा, काका!"

"तुमचं चालू द्या गुरुजी. हल्लू म्हणा, दोन कडवी जास्तीची म्हणा."

आता कामातली एक गोष्ट सांगावीच लागेल. आमच्या कॅमेऱ्यावर वेगाची एक चकती होती. फ्लॅश उडवायचा तर ती साठवर हवी. बाहेर उन्हात बिनफ्लॅशचे फोटो काढताना आम्ही ती सव्वाशेवर न्यायचो. सव्वाशेवर ठेवून फ्लॅश उडवला तर फोटोची एक बाजू काळी यायची. म्हणून आमच्यात रीत होती: उन्हात कॅमेरा ज्यानं वापरला, त्यानं तो साठवर आणूनच दुसऱ्याच्या हातात द्यायचा. घेणाऱ्यानं बघत बसायचं नाही, मुहूर्ताला तेवढी सवड नसते. "हातातनं हातात दिलेला कॅमेरा म्हणजे दिलेला शब्द," काका म्हणायचे.

गुलमंडीच्या एका कापड दुकानदाराच्या मुलीचं लग्न होतं. मुहूर्त भर दुपारचा. बाहेर नवरदेव घोड्यावर होता. काकांनी कॅमेरा माझ्याकडं दिला, "जा, ते तू घे." मी चकती सव्वाशेवर नेली आणि नवरदेवाच्या मित्रांना "इकडं सरक, मान वर कर" असे हुकूम सोडत बसलो. लई भाव खात होतो. आतून आरोळी आली, "मुहूर्ताची वेळ झाली!" धावत गेलो आणि कॅमेरा काकांच्या हातात कोंबला. चकती फिरवायची राहिली.

दुसऱ्या दिवशी रोल मीच धुतला. घोड्यावरचे फोटो झकास. त्यानंतर हार घालताना, अक्षता पडताना, होमाला बसताना, जवळजवळ प्रत्येक फोटोत नवरदेव उजेडात आणि नवरीच्या जागी अंधार. पंगतीचा दुसरा रोल मात्र स्वच्छ होता. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. काकांना दाखवलं. त्यांनी रोल खिडकीशी धरून पाहिला आणि नुसतं "बरं" म्हणाले.

फोटो पोचल्यावर मुलीचे वडील आणि भाऊ स्टुडिओत आले. सासरच्यांनी अपशकुन म्हणून मुलीलाच बोल लावला होता, ती रडून रडून अर्धी झाली होती. भाऊ ओरडला, "म्हाताऱ्याला दिसत नाय तर लग्नं कशाला घेता?"

मी काउंटरवर फोटोंच्या कडा कापत होतो. काकांनी हात जोडले. "नजर कमी झाली माझी. चूक माझीच."

मी कडा कापत राहिलो. नोकरी जाईल, लेकरं लहान आहेत, सबबी काय शंभर सापडतात. खरं कारण एवढंच की चारचौघांत मान खाली घालायची माझी तयारी नव्हती.

गावात बातमीला पाय फुटतात. "काकांची नजर गेली" हे महिन्याभरात सगळ्यांना ठाऊक झालं. लग्नं त्यांच्याकडं यायची थांबली आणि माझ्याकडं यायला लागली. मी गुलमंडीत वेगळा स्टुडिओ काढला. काका पासपोर्टचे फोटो काढत बसले. माझ्या आंतरपाटाच्या फोटोंचं लोक कौतुक करायचे आणि मी निर्लज्जासारखा ते ऐकून घ्यायचो.

पुढं स्टुडिओ बंद करून ते बजाजनगरला मुलाकडं राहायला गेले. माझ्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला मी गेलो, तेव्हा व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. बिनचष्म्यानं! ते पाहून माझा धीर सुटला. पाय धरले आणि म्हणालो, "काका, त्या दिवशी चकती माझ्याकडून राहिली होती."

"ठाऊक हाय. दुसरा रोल भरताना बघितलं की. सव्वाशेवर होती."

"मग ते लोक आले तेव्हा बोलला का नाहीत?"

"दोनदा तुझ्याकडं बघितलं. तू मान वर केली नाय. म्हटलं, आज नाय तर उद्या बोलंल. स्टुडिओ बंद करंपर्यंत वाट बघितली, गड्या."

मला रडू आवरेना. त्यांच्या सुनेनं पाणी आणून दिलं. काका म्हणाले, "मला सांगून काय उपेग? गुलमंडीला जाऊन त्यांना सांग. त्या पोरीला सांग, तिच्यात काय खोट नव्हती. तेवढं कर."

"उद्याच जातो," मी म्हणालो. ते कापडाचं दुकान माझ्या स्टुडिओपासून शंभर पावलांवर होतं. रोज त्याच्यासमोरून जायचो. आत गेलो नाही.

पुढच्याच वर्षी काका वारले. बजाजनगरला भेटायला गेलो तेव्हा ते कापड दुकानदारही काठी टेकत आले आणि सतरंजीवर माझ्या शेजारी बसले. समोर काकांचा मुलगा बसला होता.

"लई गुणी माणूस," दुकानदार म्हणाले. "म्हातारपणी नजर गेली, तेवढंच वाईट झालं. व्हय ना हो? तुम्ही तर सोबत होता त्यांच्या."

मुलानं माझ्याकडं पाहिलं.

"व्हय," मी म्हणालो.