आईच्या कॅसेटवर आयर्न मेडन

मी रागीट आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना 'नंदा अशी कशी वागली' म्हणून कोणी तोंडाचा आ करायला नको. नामाचं सांगायचं तर माझंही सांगावंच लागतं.

नामा माझा धाकटा भाऊ. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात आमची दीड खोली. बाबा लवकर गेले. आई, आवडाबाई, सकाळी बाजारात मासे विकायची आणि लग्नसराईत धवले, म्हणजे आमची लग्नाची गाणी, गायची. आमच्यात धवलारणीनं धवला धरल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण नाही. आणि आईचा आवाज म्हणजे काय सांगू! मांडवात माईक नको, भोंगा नको. वाड्याच्या दुसऱ्या टोकाला भांडी घासणारी बाई हातातलं टाकून ऐकत राहायची.

नामा दहावीला आपटला आणि वागळे इस्टेटमध्ये पॉवर प्रेसवर लागला. दिवसभर धाड धाड पत्रा कापायचा. तिथंच त्याला कोपरचा रघु भेटला. रघुचा मोठा भाऊ बोटीवर होता, सुट्टीवर आला की परदेशी रॉक बँडच्या कॅसेटी आणायचा. झालं! आमच्याकडे ब्लॅक सॅबथ आली, ज्यूडास प्रीस्ट आली, मेटॅलिका आली, आणि सगळ्यांच्या वर आयर्न मेडन. पहिल्या दिवाळी बोनसमधून नामासाहेबांनी डबल कॅसेटचा टेप घेतला. केस खांद्यापर्यंत वाढवले. आई दर रविवारी त्या केसांना खोबरेल चोपडायची. आईचा मासे ठेवायचा लाकडी खोका होता, त्यावर नामानं तिचं नाव रंगवलं, मेडनवाल्यांसारख्या टोकदार अक्षरांत. बाजारातल्या बायका हसून हसून लोळल्या. आई मात्र खोका मिरवत न्यायची.

मी दिवसातून वीसदा ओरडायचे, "नाम्या, कमी कर! कान किटले मेल्या!"

एकदा त्याला नीट विचारलं, काय आहे रे त्या बोंबलण्यात? तो बोलला, "ताई, प्रेसचा आवाज दिवसभर माझ्या अंगावर येतो. हा आवाज माझ्या बाजूनं असतो." मला तेव्हा काही कळलं नाही. मी म्हटलं, डोक्यावर परिणाम झालाय.

आईचं वेगळंच. ती मासे साफ करता करता ऐकायची. एकदा मेडनचा गाणारा वरच्या पट्टीत गेला आणि तिथंच ठाण मांडून बसला, तशी तिनं कोयता थांबवला. "ह्याचा गला बरा हाय रं," ती बोलली. "फाटत नाय." नामाला असा आनंद झाला, जसं काही तो गाणारा त्याचा सख्खा मामाच.

आता कॅसेटचं. शाळेतले त्र्यंबक मास्तर हौशी माणूस. एका दुपारी टेप घेऊन आले आणि आईला बसवून तासभर धवले भरून घेतले. वर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'आवडाबाई, धवले'. चुकून पुसलं जाऊ नये म्हणून कॅसेटच्या मागच्या दोन्ही चिपा मोडून दिल्या. चिपा मोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. पण त्या भोकांत कागदाचा बोळा कोंबला की भरता येतं, हेही तेव्हा घराघरात ठाऊक होतं. मास्तर म्हणाले, एक प्रत स्वतःसाठी काढून घेईन, तेवढ्यात त्यांची बदली झाली. ती एकच कॅसेट राहिली.

एक्याण्णव साली आईचा आवाज बसला. आम्हाला वाटलं, सर्दी. काढे झाले, गुळण्या झाल्या. शेवटी मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तर घशात गाठ. ऑपरेशन झालं. आई वाचली, पण गळ्याला भोक पडलं आणि आवाज कायमचा गेला. बाजारात भाव ती बोटांनी सांगायला लागली. लिहिता तर तिला येतच नव्हतं.

पुढच्या वर्षी कोपरला माझं लग्न ठरलं. मी तेव्हाच नामाला सांगून टाकलं, माझ्या हळदीला आईचाच धवला होणार. आई समोर बसेल आणि टेपवर तिचा आवाज लागेल. दुसऱ्या कुणाच्या आवाजात मला हळद नको. नामा दारात जाऊन बसला. मला वाटलं, बहीण चालली म्हणून बसलाय बिचारा.

हळदीला चार दिवस होते. मी त्याच्या पेटीतून कॅसेट काढली. मास्तरांचं अक्षर जागच्या जागी. टेपमध्ये घातली, बटण दाबलं, आणि गिटारी किंचाळायला लागल्या. उलटी केली. तेच! मागं बघितलं, तर भोकांत कागदाचे बोळे.

नामा कामावरून आला तेव्हा मी दारातच उभी होते. "कोणी भरलं हे?"

"मी," तो बोलला.

मी त्याच्या थोबाडीत मारली. घोड्याएवढ्या पोराला. तोंडाला येईल ते बोलले, आईचा गळा तू कापलास, इथपर्यंत. आवाज ऐकून आई मोरीतून धावत आली. कॅसेट बघितली आणि तळहातानं स्वतःच्या छातीवर मारायला लागली. थांबेचना. माझ्याकडे बघायची आणि छातीवर मारायची. मी नामाला म्हटलं, "बघ, बघ काय दशा केलीस तिची!"

नामानं तिचे दोन्ही हात धरले. "आये, राहू दे," एवढंच बोलला.

माझ्या हळदीला मनुबाई एकटी गायली. ती आईची जोडीदारीण, आई ओळ टाकायची आणि ही उचलायची. त्या दिवशी टाकणारं कोणी नव्हतं. लग्नात नवऱ्याचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. मी चुलतभावाला उभं केलं. नामा मांडवामागं पंगतीची भांडी विसळत होता. केस कापलेले, अगदी बारीक. मी बघितलं आणि मान फिरवली. कॅसेटी त्यानं रघुला देऊन टाकल्या, असं नंतर कानावर आलं. मला वाटलं, बरं झालं, खोड मोडली.

चौऱ्याण्णवला आई गेली. तिच्या दिवसांतही मी नामाशी शब्द बोलले नाही. त्या घरात त्याला राहवेना, म्हणून आंबिवलीला भाड्याची खोली घेऊन गेला.

सत्त्याण्णव साली कोपरला एका हळदीत मनुबाई भेटली. म्हातारी झालेली. मी तिच्यापुढं नेहमीचं गाऱ्हाणं काढलं, आईचा आवाज असता तर, आणि त्या हलकटानं तो पुसला.

मनुबाई माझ्याकडे बघतच राहिली. "कोणी पुसला? अगं, ती क्यासेट आवडीनंच दिली त्याला. मी तितंच होते, कोलंबी सोलत. रविवार होता, दुकान बंद, कोरी क्यासेट मिलंना. रघुचा भाव संध्याकाली बोटीवर चाललेला, त्याची क्यासेट उतरवून परत द्यायची होती. पोरगा रडकुंडीला आलेला. आवडी बोलली, ही घे. तो नको नको बोलला. तर तिनंच कागद फाडून बोले केले. 'माजा गला कुटं पलून चाललाय? मी हाय नं घरात.' असं बोलली."

"मग इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

"मना काय ठावं, तुमी त्यावरून बोलत नाय! मना वाटलं, खोलीवरून भांडान हाय."

मला एकदम आईचा तो तळहात आठवला. ती ऊर बडवत नव्हती गं बाई. ती सांगत होती. मी, मी, मी दिली. आणि मी वाचा असलेली बाई, एकदाही तिला विचारलं नाही की आये, काय म्हणतेस?

दुसऱ्या दिवशी मी माझा टेप पिशवीत घालून आंबिवलीला गेले. नामानं दार उघडलं. तिशीतला माणूस, पन्नाशीचा दिसत होता. कोपऱ्यात आईचा खोका, टोकदार अक्षरं तशीच. मी रडत रडत बोलायला लागले, तर तो कानामागं हात धरून पुढं वाकला. प्रेसनं डावा कान पुरता गेलेला, उजवा निम्मा. माझी माफीसुद्धा मला त्याच्या उजव्या कानाशी ओरडून मागावी लागली. शेजारीण दारात येऊन बघून गेली.

"सांगायचं ना रे मला! पाच वर्षं!"

"आये रोज ते मनाला लावून घ्यायची," तो बोलला. "आपल्याच हातानं आपला आवाज पुसला म्हणून. त्यात तू तिच्यावर चिडली असतीस तर? माझ्यावर चिडलीस, ते बरं."

त्यानं खोका उघडला. आत ती एकच कॅसेट, फडक्यात गुंडाळलेली. आम्ही ती लावली. मला वेडी आशा, कुठंतरी शेवटाला आई राहिली असेल. एखादी ओळ, नाहीतर खोकला तरी. दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या. मेडन संपल्यावरही टेप भरतच राहिलेला, पुढं नुसती खरखर. आई कुठंच नव्हती.

"पुन्हा लाव," मी म्हटलं. "तो वरच्या पट्टीत जातो ना, तिथं. आईनं कोयता थांबवलेला ते."

त्याला बरोबर जागा माहीत होती. गाणारा वर गेला, तिथंच थांबला. नामानं उजवा कान टेपला टेकवला आणि डोळे मिटले.

"ताई, नीट येत नाही गं," तो बोलला. "मोठा कर."

मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. शेजारीण भिंत ठोकायला लागली. मी कमी केलं नाही.