बिनमिठाची भज्जी

२०२२ साल सरत आलं होतं. मी चौऱ्याहत्तरीत. शिक्षण चौथीपर्यंतच, पण घरात माझ्या शब्दाबाहेर कुणी नव्हतं. त्या साली मालकिणीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा तिला रक्त धुवायला लातूरला न्यावं लागायचं. जिभेला कशाची चव म्हणून राहिली नव्हती.

तशात येळवस, म्हणजे वेळ अमावस्या आली. आमच्या शिरूर अनंतपाळकडं त्या दिवशी घरांना कुलपं लागतात, सगळा गाव शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, त्यात पाच दगडांचे पांडव पुजायचे, मग आंबील आन भज्जी. ही भज्जी तळायची नसते. ओली तूर, हरभरा, वाटाणा, मेथी, चिंचेचा कोळ आणि बांधावरची बोरं, सगळं बेसनात घोटून शिजवायचं. बोर दाताखाली आलं की अख्खा घास आंबटगोड होतो. आमची भज्जी तिच्याच हातची. लोक वाटी घेऊन आमच्या कोपीवर यायचे, त्याचा मला लई ताठा.

त्या साली ती बाजेवर बसून सांगत होती आणि सून करत होती. डॉक्टरनं मीठ बंद केलंय एवढंच माझ्या ध्यानात. म्हणून तिच्यापुरतं बिनमिठाचं पातेलं मी वेगळं मांडायला लावलं. बोरं स्वतः वेचून आणली, नेहमीपेक्षा जास्तच टाकली, चिंचही सढळ हातानं. मीठ न्हाई तर न्हाई, आंबटानं तरी तोंडाला चव येईल. ताईंना फोन करून विचारू का, असं सून म्हणाली. मला कळतंय म्हणालो.

ताई म्हणजे आमची लेक, उदगीरला दिलेली. आईला मशीनवर तीच न्यायची. ती शेतात पोचली तेव्हा वाटी आईच्या हातात होती, घास अजून उचलला नव्हता. लेकीनं पातेल्यात बघितलं आणि पातेलं बाजूला सारलं.

"आबा, मिठापरीस हेच वाईट हाय. बोरं, चिंच, पाला, सगळंच. ह्यातलं पोटॅशियम रगतात साचून काळीज बंद पडंल तिचं."

वाटी काढून कुणी घेईना. लेक आणि सून दोघी माझ्याकडं बघून राहिल्या. मी हात पुढं केला, पण मालकीण वाटी सोडेना.

"आवं, मग मी खाऊ तरी काय? तुमाला सगळं कळतंय नव्हं, तुमीच सांगा."

टोमणा असता तर सोसला असता. ती खरंच विचारत होती. तिची बोटं एकेक सोडवून वाटी घेतली. शेजारच्या कोपींवरून जेवायला या म्हणून हाका येत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत बोरं, चिंच, परसातलं लिंबू, आणि भेटायला येणाऱ्यांनी आणलेली मोसंबी, संत्रं भरली. लातूरची पहिली एसटी धरली. दवाखान्यात रांगेत उभा राहिलो, नंबर आला तसं सगळं डॉक्टरच्या टेबलावर मांडलं आणि म्हणालो, "साहेब, ह्यातलं तिला काय चालतं तेवढं सांगा."