चारशे आमेन आणि एक फोन

“मॅडम, हे जीबीएस आहे. गियाँ-बारे सिंड्रोम,” डॉक्टर म्हणाले. मी त्यांना तो शब्द पुन्हा उच्चारायला लावला. पंचवीस वर्षं शाळेत शिकवल्याची खोड, दुसरं काय!

त्यांनी समजावून सांगितलं. “आपलीच संरक्षण यंत्रणा चुकून आपल्याच नसांवर हल्ला करते. वायरवरचं प्लास्टिक सोललं गेलं की करंट पुढे जात नाही, तसं समजा. पायांपासून सुरू होतं आणि वर चढतं.”

“किती वर?”

“ते आज नाही सांगता येणार. छातीपर्यंत गेलं तर श्वासासाठी मशीन लावावं लागेल.”

त्याच दिवशी सकाळी सहा वाजता मी हसतमुखाने चारशे लोकांना सांगितलं होतं की संकटात खचून जाऊ नका, प्रभू हात धरून चालवतो. आणि इथे मला स्वतःचा पाय कॉटवर उचलून ठेवता येत नव्हता.

यातली गंमत सांगायला हवी. लॉकडाऊनमध्ये चर्च बंद होतं तेव्हा मी ‘पहाटेची प्रार्थना’ नावाचा ऑनलाइन ग्रुप सुरू केला. रोज पाच मिनिटांचा व्हिडिओ: एक वचन, थोडं विवेचन, प्रार्थना. नगर, नाशिक, जालना, कुठकुठची माणसं जोडली गेली. आमच्या भिवंडीच्या मंडळीतलं मात्र माझ्या नवऱ्याखेरीज एकही माणूस त्यात नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते खरं आहे.

ग्रुपला माझे नियम होते. घरचं रडगाणं नको. प्रार्थनेची विनंती एका ओळीत लिहावी. मी सकाळी चहाला आधण येईपर्यंत सगळ्या विनंत्यांखाली ‘आमेन’ आणि दोन जोडलेले हात टाकून मोकळी व्हायचे. या कामाला मी सेवा म्हणायचे, आणि मला त्याचा अभिमानही होता.

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासायचे होते म्हणून मी एका रविवारी एकवीस व्हिडिओ एकदम करून ठेवले. रोज नवीन दिवस वाटावा म्हणून साड्या बदलल्या. नवव्या साडीनंतर दमले आणि नुसतेच पदर बदलले. ते व्हिडिओ रोज सकाळी सहाला आपोआप जातील अशी सोय केली. त्यानंतर चारच दिवसांत माझ्या तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणावर अशी वेळ आली तर एवढं लक्षात ठेवा. आदल्या पंधरवड्यात मला जुलाब झाले होते, ते मी विसरूनही गेले होते; हा आजार पुष्कळदा अशाच संसर्गामागून येतो. मग मुंग्या आल्या, दोन्ही पायांना एकदम. पायात चप्पल आहे की नाही हे खाली बघून ठरवावं लागायचं. दुसऱ्या दिवशी शाळेच्या जिन्यात पडले. गल्लीतल्या डॉक्टरांनी अशक्तपणा म्हणून व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं. त्यांना दोष देत नाही, पण तुम्ही थांबू नका. मुंग्या वर चढत असतील आणि पायातली ताकद जात असेल तर त्याच दिवशी मोठ्या हॉस्पिटलात जा.

तिसऱ्या दिवशी मला न्हाणीघरातून उठता येईना. माझा नवरा सुहास गोडाउनमध्ये सुपरवायझर आहे, दिवसभर माणसांकडून माल उचलून घेतो. त्याला आणि शेजारच्या अन्सारीभाईंना मिळून मला उचलता येईना. भिवंडीतल्या आमच्या कामतघरहून कल्याणला जाताना कोन गावापाशी कंटेनरच्या रांगेत आमची ॲम्ब्युलन्स पाऊण तास अडकली. सायरन वाजत होता आणि पुढचं काहीही हलत नव्हतं. सुहास माझा हात धरून बसला होता. त्याने हात धरलाय हे मला दिसत होतं, कळत नव्हतं.

लंबर पंक्चर केलं, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई घालून आतलं पाणी तपासायला घेतात. नर्व्ह कंडक्शन नावाच्या तपासणीत नसांना बारीक शॉक देऊन बघतात. मग पाच दिवस आयव्हीआयजीच्या बाटल्या लावल्या. हजारो लोकांच्या रक्तातून काढलेली प्रतिकारद्रव्यं असतात ती.

औषध चालू असतानाही आजार चढतच राहिला. आधी हात गेले, मग चेहरा. हॉस्पिटलातल्या चौथ्या संध्याकाळी वाक्याच्या मध्येच धाप लागली. डॉक्टर म्हणाले, “आता थांबण्यात अर्थ नाही. व्हेंटिलेटर लावू या.” घशात नळी गेली आणि माझा आवाजही गेला.

अकरा दिवस मी तशी होते. डोकं शाबूत, बाकी सगळं दुसऱ्याच्या हातात. नाकाला खाज सुटली तर ती आपण होऊन थांबेपर्यंत वाट बघायची. आयसीयूतल्या मावशी कूस बदलताना म्हणायच्या, “डरो मत मॅडम, पकडा है मैंने.” मला भीती नव्हती वाटत, लाज वाटत होती. आणि राग येत होता, प्रभूचासुद्धा. तो राग मी कुठल्याही ग्रुपवर लिहायला परवानगी दिली नसती.

भेटायची वेळ चार ते पाच, एकाच माणसाला. सुहास यायचा आणि मला बरं वाटावं म्हणून माझ्याच कानाशी स्वतःच्या मोबाईलवर माझाच त्या दिवशीचा व्हिडिओ लावायचा. “बघ, आजही गेला,” म्हणायचा कौतुकाने. माझा ठणठणीत आवाज मला सांगायचा की प्रभूवर भार टाका आणि निश्चिंत व्हा. मला ओरडून सांगायचं होतं, अरे बंद कर तिला! पण सांगणार कसं?

ग्रुपवर कुणाला काही माहीत नव्हतं. माझा फोन सुहासला उघडता येत नव्हता, आणि घरचं रडगाणं नको हा माझाच नियम त्याने प्रामाणिकपणे पाळला होता. मी रोज नव्या साडीत येत होते आणि चारशे माणसं आमेन म्हणत होती.

व्हेंटिलेटरच्या पाचव्या दिवशी सुहासच्या जागी एक बाई आली. पन्नाशीची, सुती साडी, हातात कापडी पिशवी.

“ताई, मी विमल. पडघ्याची. तुमच्या ग्रुपातली,” ती म्हणाली. “म्हयना पालटून चार दिस झाले, तुमच्या पाठीमागचं कॅलेंडर काय पालटलं न्हाय. रोज बघते ना मी. म्हनलं, ही बाई अशी न्हाय. म्हनून फोन केला.”

तो फोन सुहासने उचलला होता. चारशेतला तेवढा एकच आला होता. विमल म्हणजे मला जास्वंदीच्या फुलाचा एक फोटो आणि एक नंबर, त्यापलीकडे काहीच ठाऊक नव्हतं.

तिने प्रार्थना केली नाही, वचन सांगितलं नाही. माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि सिस्टरला म्हणाली, “यांचे डोले पुरते मिटत न्हाईत. थेंब घाला, न्हायतर चुरचुरतात.” दोन दिवस मी त्या आगीत होते आणि ते कुणालाही कळलं नव्हतं. मग ती माझ्यावर वाकली. “वर बगा म्हंजे हो. खाली बगा म्हंजे न्हाय. जमंल?”

मी वर पाहिलं.

“लाज वाटते का असं पडून राह्यला?”

वर.

“वाटतीच,” ती म्हणाली. “ते मोबाईलवर तुमचंच भाषन लावतात ते तुमचे मिस्टर सांगत व्हते. बंद करायला सांगू?”

वर, वर, वर.

ती हसली, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनेच पुसलं.

ती एक दिवसाआड येत राहिली, पडघ्याहून दोन गाड्या बदलून. ओठांवर ओला कापूस फिरवायची, टाचांखाली घडी घालायची, केसांची जट न होऊ देता वेणी घालायची. रोग्याची कूस कशी बदलावी हे सिस्टरइतकंच तिला येत होतं. हिला हे सगळं कसं येतं, आणि हिला घरी कुणी नाही का, असं माझ्या मनात यायचं. नळी निघाली, आवाज घोगरा का होईना परतला, तरी मी ते विचारलं नाही. मी माझ्याच दुखण्यात होते.

पुढचं थोडक्यात. वॉर्डात तीन आठवडे, मग घरी फिजिओथेरपी, म्हणजे व्यायामाने स्नायूंना पुन्हा कामाला लावणं. डॉक्टर म्हणाले, “नस रोज केसाएवढी वाढते. घाई करून उपयोग नाही.” आज आठ महिने झाले. वॉकर घेऊन मी गॅलरीपर्यंत जाते. खडू अजून धरता येत नाही, आणि धरता येईल की नाही हे कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

व्हिडिओ मी बंद केले. बऱ्याच जणांनी ग्रुप सोडला. आता रोज तीन माणसांना फोन करते. बोलण्यापेक्षा ऐकतेच जास्त, घशाला तेवढंच झेपतं. हे घशामुळे सुरू झालं असं लोकांना सांगते, पण खरं कारण वेगळं आहे.

घरी आल्यावर दीड महिन्याने माझं बोट पहिल्यांदा स्क्रीनवर सरकलं. मी ग्रुप उघडून मागे मागे जात राहिले. मुंग्या आल्या त्या दिवसावर पोचले. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, माझ्या व्हिडिओखाली, जास्वंदीच्या फुलाने लिहिलं होतं:

‘तीन वर्षं अंथरुणाला खिळलेले माझे मालक आज पहाटे गेले.’

नियमाप्रमाणे एक ओळ. त्याखाली आमेनची रांग लागली होती. पहिलं आमेन माझं होतं, जोडलेल्या हातांसकट.

मी ती ओळ किती वेळा वाचली कोण जाणे. म्हणजे ती आयसीयूत आली तेव्हा तिला विधवा होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. तीन वर्षं नवऱ्याचं केलं होतं त्याच हातांनी तिने माझं केलं. माझं ते आमेन वाचून ती आली होती, आणि एका शब्दानेही बोलली नव्हती. प्रभूचे आभार मानावेत तर कुठल्या तोंडाने, असं झालं मला. जे झालं ते मागे घेता येत नव्हतं. हातपाय गेले होते तेव्हासुद्धा मला इतकं लाचार वाटलं नव्हतं.

फोन लावला. “विमलताई,” मी म्हटलं, “मी ते आज वाचलं. तुमच्या मालकांचं.” आणि मी रडू लागले.

पलीकडे कुणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या.

“रडू नका,” ती म्हणाली. “घशाला तरास हुईल. वाचलं ना? मंग आता इचारा की. कोनीच इचारलं न्हाय मना, कसा मानूस व्हता. नाव पन न्हाय इचारलं.”

मी विचारलं.

“काशिनाथ,” ती म्हणाली, आणि मग सांगायला लागली.