सासूच्या हिरव्या सोंगट्या

शाळेतून निवृत्त झाल्यावर जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी इंग्रजी बोलण्याचा क्लास काढला. तेव्हाच ठरवलं होतं, व्याकरण शिकवायचं नाही. आयुष्यभर तेच शिकवलं. माझी मुलं कागदावर पहिली आली आणि चारचौघांत मुकी राहिली. म्हणून जेवणाच्या टेबलावर ल्युडोचा पट मांडला. नियम एकच, पण कडक. दुसऱ्याची सोंगटी मारायची तर आधी त्याच्या डोळ्यांत बघून इंग्रजीत पूर्ण वाक्य बोलायचं. वाक्य नाही, तर मारणंही नाही. म्हातारपणी मला जुगाराचा नाद लागला, अशी आमच्या बिल्डिंगमध्ये काही दिवस कुजबुज होती.

दुपारच्या वर्गाला नातेपुत्याकडची एक सून यायची. नवऱ्याच्या नोकरीपायी सगळं घर सोलापुरात आलेलं. पोरगी पदवीधर, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, वाचलेलं सगळं तिला समजायचं. एका खासगी दवाखान्यात काउंटरवरची नोकरी तिला मनापासून हवी होती. पण पहिल्या मुलाखतीत तिथले वयस्क डॉक्टर तिचा वर्षाचा कोर्स चुकून सहा महिन्यांचा म्हणाले, आणि ही ‘येस सर’ म्हणून मान हलवून आली. मोठ्या माणसाला उलट कसं बोलायचं, असं तिचं म्हणणं. मी कपाळावर हात मारून घेतला. जागा अजून भरली नव्हती, पुन्हा बोलावणार होते, एवढाच काय तो दिलासा.

सोबत म्हणून तिची सासू यायची आणि कोपऱ्यात बसून माझ्या भिंतींचे पोपडे न्याहाळायची. रिकामं बसलेलं माणूस मला बघवत नाही. शिवाय खेळाला चौथा भिडू हवाच होता. मी, सून आणि टॉवेलच्या दुकानात बसणारे, घरी तेलुगू बोलणारे एक गृहस्थ, एवढेच आम्ही. सासूबाईंच्या हाती मी हिरव्या सोंगट्या दिल्या, आणि बाईंनी आम्हाला पार लोळवलं. ‘सॉरी, यू गो बॅक’ हे एकच वाक्य त्यांनी पाठ केलं आणि ते त्या इतक्या आनंदाने वापरत, की मार खाल्लेल्यालाही हसू यायचं. दुकानवाल्या गृहस्थांनी तर त्यांची धास्तीच घेतली होती.

सून मात्र हिरवी सोंगटी कधीच मारायची नाही. नेमकं दान पडलं तरी दुसरीच सोंगटी पुढे सरकवायची. आधी मला वाटलं, तिला दिसत नसेल. मग एकदा मी चिडलेच. लक्ष कुठे आहे तुझं, म्हणून झापलं. ती खाली बघत हळूच म्हणाली, “आत्यांची सोंगटी कशी मारू, मॅडम?”

त्यांच्याकडे सासूला आत्या म्हणतात. सासूबाईंनी सुनेचं बोलणं ऐकलं आणि फासा टाकला. पण त्यानंतर त्यांचा खेळच बदलला. सुरक्षित घर सोडून त्या आपली सोंगटी मुद्दाम सुनेच्या पुढ्यात आणून ठेवू लागल्या. मला वाटलं, बाई आता खेळ विसरायला लागल्या. सून तरीही बाजूने निघून जायची.

दुसऱ्या मुलाखतीच्या आदल्या दुपारी पुन्हा तसंच झालं. सुनेला नेमकं दान पडलं, तिने दुसऱ्या सोंगटीकडे हात नेला, आणि सासूबाईंनी ती सोंगटी आपल्या तळव्याखाली झाकली.

“मार की,” त्या म्हणाल्या. “घरी मी तुजी आत्या हाय. हितं मी नुसती हिरवी हाय. आन उद्या त्या डाक्टरम्होरं बी अशीच गप बसणार व्हय?”

सुनेचे कान लाल झाले. मग ती मान वर करून, सासूच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “आय अ‍ॅम सॉरी, आत्या, बट इट इज माय टर्न. यू हॅव टू गो बॅक.”

सासूबाईंनी स्वतःच आपली सोंगटी उचलून घरात ठेवली आणि पदराने डोळे पुसत हसल्या. मलाही भरून आलं. ते दिसू नये म्हणून मी चहा टाकायला उठले.

मुलाखतीत त्याच डॉक्टरांनी तिला सांगितलं, घरसंसार बघून संध्याकाळची पाळी तुला जमायची नाही. ही म्हणाली, सॉरी सर, जमेल, घरी आत्या आहेत. नोकरी मिळाली, आणि ते मला सांगताना ती आल्यापासून जाईपर्यंत इंग्रजीतच बोलत होती.

काही आठवड्यांनी सासूबाई एकट्याच वर्गाला आल्या, खुर्ची ओढून हिरव्या सोंगट्या पुढ्यात घेतल्या आणि सांगायला लागल्या. गुडघा दाखवायला त्या दवाखान्यात गेल्या होत्या. आपलीच सून काउंटरवर, म्हणून रांग सोडून थेट पुढे गेल्या.

“समद्यांम्होरं मला म्हनली, सॉरी आत्या, प्लीज वेट फॉर युवर टर्न. लई दुखत हुतं बाई, पर गेले मागं.”

“मग?” मी विचारलं.

“मग काय,” त्या फासा खुळखुळवत म्हणाल्या, “रांगेत म्होरं हुबी हुती त्या बाईला सांगितलं, ती माजी सून हाय.”