शेवटच्या चढाईचा फोटो

मालेगावात वाशीम रस्त्यावर माझा स्टुडिओ आहे. धंदा लग्नांचा. कबड्डीचे फोटो मी हौसेने काढतो आणि त्यातलं आपल्याला सगळं कळतं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

लग्नातली माणसं सांगू तिथे उभी राहतात. मैदानावर आपल्याला कोणी विचारत नाही. सुरुवातीला माझ्या फोटोंत नुसत्या पाठी यायच्या, नाहीतर पाय कापलेले. हळूहळू शिकलो. कोपऱ्यात, फक्कीच्या रेषेबाहेर मांडी घालून बसायचं, म्हणजे खेळाडू उंच दिसतो. शटरचा वेग हजाराच्या वर ठेवायचा. चढाई करणाऱ्याच्या हाताकडे बघायचं नाही, हात फसवतो. कंबर वळली की बटण दाबायचं. एवढं कळेपर्यंत एका लेन्सची माती झाली. बायको अजून ते काढते.

मेडशीला मुलींचे सामने होते. अंतिम सामन्याला माझ्या शेजारी एक ओळखीचा शेतकरी येऊन बसला. त्याच्या मोठ्या मुलीच्या लग्नाचे फोटो मीच काढले होते. धाकटी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, आज खेळत होती. जिल्ह्याच्या संघासाठी मुली निवडायला दोन सर आले होते.

"भाऊ, निवड झाली तं खेळू देतो," तो म्हणाला. "नाई तं बस झालं. पाहुणे इचारून राह्यले."

पोरगी खरंच चांगली खेळत होती. शेवटची चढाई तिची आली तेव्हा गुण बरोबरीत होते. तिने समोरच्या एकीच्या खांद्याला हात लावला आणि मागे उडी घेतली. मध्यरेषा दोन हातांवर. माझ्या चौकटीत सगळं होतं, उडालेली माती, मागून झेपावलेल्या मुली. फक्त तिचा चेहरा पलीकडे वळत होता. आणि माझ्या तोंडून निघालं, "ताई, इकडं पाहा!"

वरातीच्या बँडवर चढवून चढवून कमावलेला आवाज तो. तिने पाहिलं. अर्धा क्षण. तेवढ्यात कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला आणि बाकीच्या तिच्या अंगावर पडल्या. शिट्टी वाजली.

सांगायला लाज वाटते, पण मला आधी आनंद झाला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला, तर आयुष्यात काढला नव्हता असा. थेट माझ्याकडे बघणारे डोळे, घोट्यावर पंजा, घामावर चिकटलेली माती. शेजारी तिचा बाप डोक्याला हात लावून बसला होता, ते मी नंतर पाहिलं. लोक म्हणाले, ऐन वेळी पोरीचं ध्यान गेलं. गलका एवढा होता की माझा आवाज कोणी वेगळा ओळखला नसावा. मीही काही बोललो नाही. संध्याकाळी निवडलेल्या मुलींची यादी वाचली, त्यात तिचं नाव नव्हतं.

चार दिवसांनी बापलेक स्टुडिओत आले. मी फोटो मोठा करून दाखवला. बाप बराच वेळ बघत राहिला.

"चेहरा मस्त आला," तो म्हणाला. "ते बाकीच्या पोरी काढून टाकता येतीन काय? बायोडाटाले लावतो."

मुलगी भिंतीवरच्या नवरानवरींच्या फोटोंकडे बघत होती. मी माऊस हातात घेतला, घोट्यावरचा पंजा कापायला कडा ओढली आणि मला पुढे जाता येईना.

"तिचं ध्यान गेलं नव्हतं," मी म्हणालो. "मी वरडलो. लग्नात वरडतो तसा. म्हणून तिनं पाह्यलं."

बापाने माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "तुले मालूम होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"सारं गाव वरडत होतं, बाबा. पाह्यलं मीच ना."

तो उठला. मला वाटलं, आता शिव्या बसणार. बसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने फक्त पडद्याकडे बोट केलं. "हा फोटो नको आमाले." दारापाशी चप्पल घालता घालता म्हणाला, "पुढच्या साली खेळन ते. पन भाऊ, तुमी कॅमेरा घिऊन येऊ नोका."

मी बरं म्हणालो.

पुढच्या साली मी रिकाम्या हातांनी गेलो आणि सगळ्यात मागे उभा राहिलो. शेवटच्या चढाईत तिला तिघींनी धरलं. त्या तिघींना अंगावर घेऊन ती सरपटत गेली आणि तिची बोटं मध्यरेषेला लागली. बाप मैदानात धावत सुटला. मी दात आवळून उभा होतो, हात खिशात. त्या चढाईचा फोटो कोणाकडेच नाही.