खोल पाण्यात होडी थांबवताना

रविवारी सकाळी टी. नगरमधल्या खोलीला कुलूप लावून निघालो. 'येतो' म्हणायला मागे कुणीच नव्हतं. बँकेने नागपूरहून चेन्नईला धाडल्यापासून माझं मराठी बोलणं रविवारपुरतंच उरलं होतं, तेही राघवेंद्ररावांशी. ते तंजावरच्या मराठी घराण्यातले, रेल्वेतून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर अमेरिकेतल्या मुलाने त्यांना एकट्याने शिडाची होडी न्यायला बंदी केली, म्हणून सोबतीला मी.

आज रावांची परीक्षा होती. खोल पाण्यात होडी एकट्याने थांबवता आली, तर बंदी उठणार होती. साक्षीदार अर्थात मीच.

नांगर पोचत नाही तिथे शिडांनीच होडी थांबवतात. पुढचं शीड वाऱ्यात उलटं फुगवायचं, सुकाणू विरुद्ध अंगाला बांधायचं. दोन्ही एकमेकांना अडवतात. रावांची जुनी होडी एका डोलकाठीची, तिचा पुढचा दोर बायको सांभाळायची. ही दोन डोलकाठ्यांची. हिचं मागचं छोटं शीड तोंड वाऱ्याकडे धरून ठेवतं, म्हणून एकट्याला सोपी. वाटेत एका कट्टुमरमवाल्याने (ओंडके बांधून केलेली होडी) आपलं एकुलतं शीड सरळ गुंडाळून ठेवलं होतं. त्याला ही कटकटच नाही!

दीपगृह बोटाएवढं दिसू लागलं तसे राव म्हणाले, "हात लावूं नका हां."

त्यांनी होडी वळवली आणि मी सवयीने पुढचा दोर सोडला. शीड फडफडलं, होडी थांबायचं सोडून निघाली पुढे.

"अय्यो! तो तसाच राहूं द्यायचा! पोदुम (पुरे), हात मांडीखाली घेऊन बसा!"

बसलो. दुसऱ्या खेपेला पुढचं शीड उलटं फुगलं. रावांनी मोठं शीड उतरवलं, मागचं ताणलं, सुकाणू बांधलं. होडी जागच्या जागी डुलू लागली. आम्ही दहीभात आणि मोरमिळगाय (ताकात मुरवून वाळवलेली मिरची) खाल्ली.

"ती होती तेव्हां दोघं मिळून थांबवीत होतों," राव म्हणाले.

संध्याकाळी धक्क्यावर मुलाचा फोन आला. रावांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

"अंकल, अप्पांना एकट्याला जमतं?"

'सोबत लागेल' एवढं म्हटलं असतं, तर माझे सगळे रविवार शाबूत राहिले असते. ओठांवर आलंही होतं.

"जमतं," मी म्हणालो. "मी हात मांडीखाली घेऊन बसलो होतो."

रावांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. पुढच्या रविवारचं ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

परतीची बस रविवारच्या खरेदीच्या पिशव्यांनी गच्च भरली होती. सोमवारची, बँक उघडण्याची वाट पाहणारा तिच्यात मी एकटाच असेन.