ओकाला मारलेली मिठी

रय्याच्या तोंडाला लागायची बानियास गावात कुणाची टाप नव्हती. नवरा मतर तेवढा लागायचा, आणि रोज हरायचा. सकाळी भाकरी जाड झाली म्हणून कुरकुर, संध्याकाळी दूध पातळ म्हणून. पोरगा जाबिर कधीच दमास्कसला जाऊन राहिलेला. त्यामुळे भांडायला घरात दोघंच. उजाडलं की रय्या गाई घेऊन माळावर निघायची ती दिवस कलल्यावरच परतायची.

माळ अर्धा आमचा, अर्धा समुद्रापलीकडून क्रूस घेऊन आलेल्या फिरंग्यांचा. तिकडे सुलतान आणि फिरंग्यांचा राजा देवाच्या नावानं एकमेकांची मुंडकी उडवत होते, आणि इकडे दोन्हीकडच्या गाई एकाच गवताला तोंड लावत होत्या. गाईंना कुठला आलाय धर्म! फिरंगी गुराखी गोबेर रय्याच्या भरकटलेल्या गाई वळवून आणायचा आणि वर तिच्याच शिव्या खायचा. बिचाऱ्याला आमची बोली आली ती तिच्या शिव्या ऐकूनच.

मधोमध ओकाचं जुनं झाड होतं. करार असा, की झाडाच्या फिरंगी बाजूला त्यांच्या स्वारांनी आमचं माणूस धरलं तर ते गुलाम झालं. आमच्या बाजूला धरलं तर मुकाट सोडायचं. त्यांच्या माणसांनाही हाच नियम. आणि लढाया पेटल्या तरी हा करार कुणी मोडत नव्हतं.

त्या दिवशी थंडी कडाक्याची होती. रय्याचे गुडघे ठणकत होते, म्हणून ती आमच्या बाजूला झाडाशी ऊन खात, लोकर कातत बसली. सूर्य कलला, ऊन सरकलं, तशी तीही बूड न उचलता सरकत गेली. आपण सगळेच असे सरकतो. टापा ऐकून तिनं मान वर केली, तेव्हा कुठं कळलं की आपण भलत्याच बाजूला आलोय.

दोन फिरंगी स्वार भरधाव येत होते. पळायला वेळ नव्हता. रय्यानं चाती फेकली, खोडाच्या कडेला झेप घेतली आणि घट्ट मिठी मारली. एक पाय आमच्याकडे, एक त्यांच्याकडे.

तरणा स्वार उडी मारून उतरला आणि तिची कंबर धरून ओढायला लागला. "सोड झाड, म्हातारे!"

"म्हातारी तुझी आई!" रय्या ओरडली. तिची धाकटी बहीण हुदबा ह्याच माळावरून अशीच धरून नेली होती, फिरंग्यांच्या अक्का शहरातल्या बाजारात विकली गेली, आणि पुन्हा दिसली नाही. सालीनं गाल सोलून निघाला तरी रय्यानं हात सोडले नाहीत.

तेवढ्यात गोबेर धापा टाकत आला. "हिला धरलं कुठं?"

"आपल्या बाजूला बसली होती."

"बसली कुठं ते नाही विचारलं. धरली कुठं?"

तरणा गडबडला. "झाडाला."

"झाडाचं तर काहीच ठरलेलं नाही."

"अर्धी तरी आपलीच की!"

"कुठली अर्धी नेतोस? तोंडाकडची नेलीस तर आपल्याला किल्ला रिकामा करून पळावं लागेल."

घोड्यावरचा वयस्क स्वार खो खो हसला. मग गंभीर झाला. "सोड तिला. माझा भाऊ त्यांच्या हाती ह्याच झाडाशी लागला होता. त्यांनी सोडला. आज हिला ओढलंस तर उद्या आपला कुणी सुटायचा नाही. चल, बस घोड्यावर."

गेले. खरंच गेले! पण रय्याची बोटं काही सुटेनात. गोबेरनं ती एकेक करून उघडली. "जाबिरच्या आई, गेले ते. सोडा आता."

"इतका उशीर का केलास, मेल्या?" ती म्हणाली आणि त्याचाच हात धरून हुंदके देत रडली. "सुटले रे! सुटले मी!"

घरी पोचली तर मतर दारातच उभा. "ही काय यायची वेळ? अन् भाकऱ्या कोण थापणार, तुझा बाप?"

एरवी तिनं त्याला फाडून खाल्लं असतं. आज ती उंबऱ्यावरच बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत सुटली. मतर घाबरून जवळ आला. "काय झालं गं तुला?"

"काही नाही," ती डोळे पुसत म्हणाली. "मीच थापणार. आजही मीच, उद्याही मीच. आण ते पीठ इकडे."